दाखवायची खोली

सिंगापूरला ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, काडीवर भाजलेलं साते खायला बसलेला मराठी माणूस थोड्या वेळाने हमखास डोंगराबद्दल बोलायला लागतो. समोर समुद्र असतो, सायकली चाललेल्या असतात, हातात लिंबू पिळलेला गार उसाचा रस असतो, पण याला हवं असतं सह्याद्रीतलं धुकं. एक छोटंसं लॉज काढायचं, सकाळी दरीकडे तोंड करून चहा प्यायचा, बास झाली नोकरी. असं कुणी बोलायला लागलं की मी उठून हात धुवायला जाते. त्या चहाचे कप मी तीन वर्षं विसळलेत, आणि त्या दरीत लोक काय काय फेकतात तेही बघितलंय.

माझ्या नवऱ्याला हे खूळ पंचेचाळिशीत लागलं. सिंगापूरच्या एका बँकेतली बरी नोकरी सोडून त्याने घाटमाथ्यावरच्या एका छोट्या गावात जुनं लॉज विकत घेतलं. आम्ही दोघं आणि शाळकरी मुलगी सगळं गुंडाळून तिकडे राहायला गेलो. मी नको म्हटलं होतं, पण फार जोर लावून नाही. मलाही वाटलं होतं की हवा चांगली असेल.

हवा! पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. चपलांवर बुरशी, पर्सवर बुरशी, एकदा कपाट उघडलं तर पासपोर्टांवर हिरवट मऊ थर. मे महिन्यात गाव नसतंच, नुसती गाड्यांची रांग असते, आणि प्रत्येक गाडीतून वेफर्सची पाकिटं बाहेर पडत असतात. लोक खोलीत स्टोव्ह लपवून आणायचे, अंडी तळायचे आणि पडद्याला हात पुसायचे. बेसिनमध्ये काय काय सापडायचं ते मी लिहिणार नाही. सकाळी उठून मी नाकाला ओढणी बांधून खोल्या साफ करायचे, कारण सीझनमध्ये कामाला बाई मिळायची नाही. मिळाली तर ती शेजारच्या लॉजवाल्याची नात्यातली निघायची, आणि आमच्याकडे किती गाड्या लागल्या हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलेलं असायचं.

छोट्या गावात धंदा करणं म्हणजे कुणाशीही भांडायची सोय नसणं. दूधवाल्याचा मेहुणा टॅक्सी चालवायचा, टॅक्सीवाल्याचा भाऊ टँकरचं पाणी द्यायचा. टोलनाक्यावर एजंट उभे असायचे, ते मोटारसायकलवरून गाड्यांच्या मागे लागायचे आणि गिऱ्हाईक आणून आमच्या दारात सोडायचे. त्यातल्या एकाला दुखवलं की आठवडाभर आमच्या दारात गाडी यायची नाही. सगळे सगळ्यांना हसून भेटायचे. मला त्या हसण्याचा इतका वीट आला होता की मी बाजारात खाली मान घालून चालायचे.

पण ज्याची खरी किळस यायची ती होती कोपऱ्यातली खोली. गेल्या गेल्या शेजारच्या लॉजवाल्याने आम्हाला धंद्याची रीत समजावून सांगितली होती. तो जिन्यात उभा राहून मला म्हणाला, "वहिनी, चांगली खोली फकस्त दाखवायची. उतरवायचं दुसरीकडं. एकदा सामान वर चढलं की गिऱ्हाईक परत खाली उतरत न्हाई."

गावात सगळे हेच करायचे. प्रत्येक लॉजमध्ये एक दाखवायची खोली असायची. आमची दुसऱ्या मजल्यावर होती, दरीच्या बाजूला, मोठ्या खिडकीची. तिथे पांढरी चादर असायची, जिच्यावर कधीच कुणी झोपलं नाही. गिऱ्हाईक ती खोली बघायचं, बायकामुलं खिडकीशी फोटो काढायची, खाली पैसे भरले जायचे आणि मग ऐन वेळी तिथला गीझर बिघडलेला असायचा. त्यांचं सामान मागच्या बाजूला जायचं, जिथे खिडकी उघडली की गटाराची टाकी. दमलेली माणसं, रडणारं पोर, मागे लागलेला अंधार. थोडी कुरकुर करायची आणि झोपायची.

आम्ही स्वतः स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्यांत राहायचो. मुलीच्या पलंगाशेजारची भिंत पावसाळ्यात पाझरायची. तिला सतत खोकला. मी एकदा म्हटलं, परीक्षेपुरती तिला वरच्या खोलीत बसू दे. नवरा म्हणाला, चादर मळेल. हे बोलताना त्याचा चेहरा अगदी साधा होता, आणि त्या क्षणी मला त्याचीच शिसारी आली. मी रोज सकाळी ती रिकामी खोली पुसायचे, खिडकीची काच घासायचे, आणि खाली मुलगी खोकत असायची.

तीन वर्षांनी पैसा आणि उमेद दोन्ही संपली. आमचा पीआर, म्हणजे सिंगापूरला कायम राहायचा परवाना, शाबूत होता म्हणून परत येता आलं. सेम्बावांगला फ्लॅट भाड्याने घेतला, नवऱ्याला वन-नॉर्थला एका कंपनीत हिशेबाचं काम मिळालं, मुलीचा खोकला महिन्याभरात गेला. लॉज मात्र विकलं जाईना. कुलूप लावून ठेवलेली ती इमारत आमच्या डोक्यावर होतीच.

या वर्षी नवऱ्याला गिऱ्हाईक सापडलं. ऑफिसमधला त्याच्या हाताखालचा मुलगा, पुण्याचा, तिशीतला. त्याची बायको आणि लहान मुलगा इथेच, तिघंही त्याच्या नोकरीच्या पासवर. म्हणजे नोकरी गेली की इथला मुक्काम संपला. आमच्यासारखं हात हलवत परत येण्याची सोय त्यांना नव्हती. त्या मुलालाही डोंगराचं वेड होतं, आणि माझा नवरा ते रोज जेवणाच्या सुट्टीत फुलवत होता.

एका रविवारी आम्ही दोन्ही घरं ईस्ट कोस्टला भेटलो. नवऱ्याने लॉजचा व्हिडिओ करून आणला होता. तिथे राहत होतो तेव्हाच, पाऊस संपल्यावरच्या त्या एकाच आठवड्यात घेतलेला, जेव्हा सगळं हिरवं असतं आणि धुकं नसतं. त्यात एकामागून एक पाच सुंदर खोल्या दिसत होत्या. पाचही एकच होत्या. कधी दारातून, कधी खिडकीतून, कधी चादर बदलून, कधी पडदा. आदल्या दिवशी घरी तो हे जोडत बसला होता तेव्हा मुलगी मागून बघून इथल्या इंग्रजीत म्हणाली होती, "पपा, ऑल सेम रूम, लाह." त्याने तिला अभ्यासाला पिटाळलं होतं.

त्या मुलाच्या बायकोने मला विचारलं, तुम्ही परत का आलात? मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने सांगून टाकलं की मुलीच्या शाळेसाठी. आणि हसला. तसंच, बाजारात सगळे हसायचे तसं. माझ्या ताटातलं मला पुढे खाववलं नाही.

पुढच्या शनिवारी मी तिला एकटीला सेम्बावांग पार्कमध्ये फिरायला बोलावलं. तिचा मुलगा वाळूत खेळत होता. मी तिला सगळं सांगितलं. एजंट, टँकर, ओल, गटाराची टाकी, व्हिडिओतली एकच खोली. काही झाकलं नाही, मी काय करत होते तेही. म्हटलं, घ्यायचंच असेल तर आधी जुलैत जाऊन पंधरा दिवस राहून या, मागच्या खोल्यांत. तोपर्यंत नोकरीला हात लावू नका.

तिने मुलाच्या हाताची वाळू झटकली. मग म्हणाली, "ताई, यांनी राजीनामा दिला. गुरुवारी. सरच म्हणाले, आधी राजीनामा दे, मग मन मागे फिरत नाही."

मला समुद्राकडे बघवेना. व्यवहाराचे कागद व्हायचे होते, एक सहीसुद्धा झाली नव्हती, आणि माझ्या नवऱ्याने त्या पोराचं सामान वर चढवून टाकलं होतं. तेही परक्या टुरिस्टाचं नाही, रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्याचं.

घरी आले तेव्हा तो टीव्ही बघत होता. मी टीव्ही बंद केला. विचारलं, हे खरं आहे का? तो म्हणाला, कुणीतरी धक्का दिल्याशिवाय माणूस निर्णय घेत नाही, मलाही कुणी दिला नव्हता म्हणून मला उशीर झाला. मग नेहमीचं सुरू झालं. आपलं वय काय, मुलीचं शिक्षण, ती इमारत किती दिवस गळ्यात घालून फिरायचं. सगळं खरं होतं. पण तो जितका खरं बोलत होता तितकी मला जास्त घाण वाटत होती, जणू मागच्या खोलीत बसून कुणी मला दरीचं वर्णन ऐकवत होतं.

लॉज दोघांच्या नावावर आहे. मी म्हटलं, "मी सही करणार नाही. तुला हवं तर तू परत जा आणि चालव. मी या माणसांना ते विकू देणार नाही."

तो आधी हसला. मग चिडला. मग त्याला कळलं की मी खरंच करणार नाही. सोमवारी सकाळी त्याने स्वतःच त्या मुलाला सांगितलं की व्यवहार होत नाही, घरच्यांची अडचण आहे. मुलगा वरच्या साहेबाकडे गेला. नशीब, त्याची जागा अजून भरली नव्हती. चार शब्द ऐकून घ्यावे लागले त्याला, पण राजीनामा परत मिळाला.

मला वाटलं होतं त्याची बायको फोन करेल. केला. मी डाळीला फोडणी देत होते, स्पीकरवर टाकला. तिने कशा आहात, काय करताय काही विचारलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "जास्त किंमत हवी होती तर सरळ सांगायचं. माझ्या नवऱ्याला ऑफिसात सगळ्यांसमोर नाक घासायला लावलंत. ते पार्कातलं सगळं नाटक कशाला केलंत?"

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण बाहेरच्या खोलीत नवरा बसला होता, त्याने ते ऐकलं होतं, आणि तो माझ्याकडे अगदी समाधानाने बघत होता. मी खरं सांगितलं तर ती दोघं पुन्हा आमच्याशी बोलायला लागली असती, आणि याने त्यांना पुन्हा व्हिडिओ दाखवला असता. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "हो, किंमतच हवी होती." तिने फोन ठेवला. निदान आता ती दोघं ते लॉज परत मागायला येणार नाहीत.