पुठ्ठ्यावरचे ठिपके

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवून दोन महिनेही झाले नव्हते. एका रविवारी सकाळी सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "तुमच्या मोटरसायकलखाली तेल पडतंय हो. आजच बघा. तो डाग आता सात जन्म निघायचा नाही."

खाली जाऊन वाकून बघितलं. इंजिनाच्या डाव्या बाजूखाली रुपयाएवढे तीन काळे डाग होते. बोट लावून वास घेतला. इंजिनातलंच तेल, वापरलेलं, काळं. डोंबिवलीत वीस वर्षं पार्किंगला नुसती मातीच होती, त्यामुळे हे तेल आत्ताच पडायला लागलं की आधीपासून पडत होतं, ते सांगायला काही मार्ग नव्हता.

एरवी मी इतका घाबरलो नसतो. पण गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती कल्याणच्या आरटीओत नेऊन दाखवायची तारीख मिळाली होती. चोवीस दिवस हातात होते. त्यात ही गाडी माझ्यापेक्षा बायकोच्या उपयोगाची. मला कोलशेतच्या कारखान्यात जायला कंपनीची बस आहे. पण सासूबाई विठ्ठलवाडीला एकट्या राहतात आणि मार्चमध्ये त्या बाथरूममध्ये पडल्या. तेव्हापासून दर एक दिवसाआड मी बसमधून उतरलो की आम्ही दोघं डबा घेऊन गाडीवर तिकडे जातो. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. स्टेशनचे पूल तिला चढवत नाहीत आणि शेअर रिक्षा कल्याणला बदलावी लागते. गाडी गेली तर ती आईकडे आठवड्यातून एकदा जाईल, तेही गुडघे धरत. हे ती बोलली नव्हती, पण मला दिसत होतं.

त्याच दिवशी गाडी मेकॅनिककडे नेली. तो जवळच्याच गावचा आगरी माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गाडीला 'गारी' म्हणतो. अकरा वर्षं गाडी त्याच्याच हाताखाली आहे. त्याने टॉर्च मारला, डाव्या बाजूला बोट फिरवलं, बोट माझ्यापुढे धरलं.

"काका, इंजिनच्या केसच्या जोडातून येतंय, नायतर आतलं सील गेलंय. इंजिन खोलल्याशिवाय कलनार नाय."

"खोललं तर किती दिवस?"

"आठ धरा. पन खरं सांगू? एवढ्या जुन्या गारीचं इंजिन खोललं की एकाचे दोन निघतात. तुम्ही आता नवीन बघा."

"आणि नाही खोललं तर?"

"आरटीओत जायच्या आधी केरोसिननं पुसून घ्या. खाली वाकून कोन बघतंय?"

हे मला पटण्यातलं नव्हतं. पुसून नेलेली गाडी पास झाली असती, तरी ती गळकीच राहिली असती, आणि मागे बायको बसणार होती. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो म्हणाला, पुढच्या रविवारनंतरच्या रविवारपर्यंत सांगा, नंतर त्याला वेळ नाही. म्हणजे माझ्याकडे चौदा दिवस होते.

मी कारखान्यात स्टोअर बघतो. रॅकवरचा माल आणि वहीतला माल जुळवणं हे माझं बावीस वर्षांचं काम. त्यामुळे घरी येऊन पहिली गोष्ट काय केली, तर गाडीच्या वहीत नवं पान काढलं. ही वही गाडीइतकीच जुनी आहे. कधी तेल बदललं, कधी पंक्चर निघालं, कधी चेनला तेल दिलं, सगळं त्यात आहे. नव्या पानावर दोन रकाने आखले. एक 'ठिपके', दुसरा 'पातळी'. रोज संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर लावायची, खाली कोरा पुठ्ठा ठेवायचा, सकाळी ठिपके मोजायचे. मग तेलाची पातळी बघायची कांडी काढून, पुसून, परत घालून बघायची. तिच्यावर दोन रेघा असतात, तेल त्यांच्यामध्ये हवं.

पुठ्ठे बायको पुरवत होती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा तिने माळ्यावर जपून ठेवला होता. त्याचे मी एकसारखे तुकडे कापले.

"कसली नोंद चाललीय? पेशंट आहे का?" तिने विचारलं.

"सोमवारी नऊ ठिपके. मंगळवारी सहा. आज चार."

"म्हणजे बरा होतोय की पेशंट."

शनिवारी एकच ठिपका होता. मला खरोखर वाटलं, गळती आपोआप थांबली. पुढच्या सोमवारी पुन्हा नऊ. मी पुठ्ठा घेऊन वर आलो आणि चहा न घेता बसून राहिलो. बायकोने वही ओढली. ती बारावीनंतर शिकलेली नाही, पण घरातलं तेल-साखर किती दिवस पुरेल ते डबा न उघडता सांगते.

"हा दुसरा रकाना कसला?"

"इंजिनातल्या तेलाची पातळी."

"रोज एकच लिहिलंय. वरची रेघ, वरची रेघ, वरची रेघ."

"हो."

"अहो, तेल सांडतंय आणि डबा भरलेला? मग सांडतंय ते कुठल्या डब्यातलं?"

रॅकवरचा माल कमी नाही आणि दारात मात्र माल सांडलेला, तर तो माल त्या रॅकचा नाहीच. हे मी कारखान्यात नव्या माणसांना शिकवतो. इथे आठ दिवस दोन्ही रकाने मी स्वतःच्या हाताने शेजारी शेजारी भरले आणि एकदाही आडवे वाचले नाहीत.

तरी खात्री हवी होती. मेकॅनिकला उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुट्टी होती. सकाळी केरोसिनने पूर्ण इंजिन धुतलं, जुन्या बनियनने कोरडं केलं. मग बायकोकडे टाल्कम पावडर मागितली. तेल जिथून पाझरेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटेल, हा हिशेब.

"माझी? आणि इंजिनाला?"

"थोडीच."

"पंधरा वर्षांत मला कधी हाताने पावडर लावली नाही, आणि हिला लावणार."

निम्मा डबा संपला. वरच्या झाकणांपासून खालच्या जोडापर्यंत सगळं इंजिन पांढरं केलं आणि गाडी ठाकुर्लीपर्यंत नेऊन आणली. सिग्नलला एक रिक्षावाला बराच वेळ बघत होता. "काय साहेब, गणपतीला बसवताय का गाडी?" म्हणाला.

परत आल्यावर टॉर्च लावून एकेक जोड तपासला. सगळीकडे पावडर होती तशी. जो जोड मेकॅनिकने दाखवला, तिथेही पांढरी. आणि तरी माझ्यासमोर एक ठिपका पुठ्ठ्यावर पडला. तो पडला इंजिनाच्या मागच्या बाजूच्या लहान झाकणाच्या खालच्या कडेवरून. त्या झाकणामागे इंजिनाची ताकद चेनला देणारं दातेरी चाक असतं. तिथे इंजिनातलं तेल नसतं.

दोन बोल्ट काढले. झाकण उघडताच आतून काळा लगदा बाहेर आला, तेल आणि धूळ कालवलेला, घट्ट, करपलेल्या शिऱ्यासारखा. मी जुना चमचा घेऊन तो खरवडायला लागलो आणि तिसऱ्या चमच्याला मला कळलं, हे तेल कोणी घातलं ते.

मीच.

दीड महिन्यापूर्वी तेल बदलताना मेकॅनिक जुनं तेल मागच्या गटारात ओतायला निघाला होता. मी त्याला अडवलं. "गटारात कशाला? नाल्यात जातं, तिथून खाडीत." तो म्हणाला, "मग तुम्ही घेऊन जा." मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणलं. आता आणलंच आहे तर वाया का घालवायचं, म्हणून ते चेनला द्यायला सुरुवात केली. आमच्या गाडीची चेन पत्र्याच्या बंद कव्हरमध्ये असते. रबरी बूच काढायचं, भोकातून तेल सोडायचं, मागचं चाक फिरवायचं. आत किती मुरलं, किती उरलं, दिसत नाही; उरलेलं चेनबरोबर त्या लहान झाकणात येऊन साचतं. पूर्वी मी पाचशे किलोमीटरला घट्ट तेल द्यायचो. हे पातळ, शिवाय फुकटचं, म्हणून दर रविवारी, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून दोन झाकणं. वहीत मागच्या पानावर सगळे रविवार व्यवस्थित लिहिलेले होते. रविवारी तेल, म्हणून सोमवारी नऊ ठिपके, शनिवारी एक. वेगळी तपासणी करायची गरजच नव्हती.

झाकण बंद करायच्या आधी एक काम राहिलं होतं. त्या दातेरी चाकामागे खरोखरच एक सील असतं, आणि मेकॅनिकची शंका त्याच्यावरही होती. ते पुसून कोरडं केलं, उरलेली पावडर तिथे मारली. रविवारी चेनला तेल दिलं नाही. विठ्ठलवाडीला जाऊन आलो आणि परत झाकण उघडलं. सील पांढरं. पुठ्ठा कोरा. मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसलो होतो. बायको गॅलरीतून म्हणाली, "काय झालं? उठवत नाही का?" मी नुसता पुठ्ठा वर करून दाखवला.

मेकॅनिककडे गेलो, सगळं सांगितलं, उरलेल्या तेलाची बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि जुनं तेल तो ड्रममध्ये साठवून विकतो का, ते विचारलं. तो हसत खाली बसला.

"काका, गारी ठनठनीत हाय. तुमचाच हात जड हाय."

"आणि इंजिन खोलायचं?"

"नको. तुम्हीच उघरून बघितलं ना." मग बाटली उचलून त्याने कोपऱ्यातल्या ड्रममध्ये रिकामी केली. ड्रम नवा होता. "मागच्या वेली तुम्ही बोललात, तेव्हाच आनला," म्हणाला.

आरटीओत रांग लांब होती. अधिकाऱ्यांनी चासीवरचा नंबर ताडून बघितला, दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला, गाडी चालू करायला लावली. खाली ते वाकलेच नाहीत. मी मात्र वाकलो. सिमेंट कोरडं होतं. त्यांनी विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही." आयुष्यात इतक्या समाधानाने मी हे दोन शब्द क्वचितच बोललो असेन.

पाच वर्षांची मुदत मिळाली. तिथून घरी जाऊन बायकोला घेतलं आणि थेट विठ्ठलवाडी. सासूबाईंच्या चाळीसमोर गाडी लावली आणि सवयीने मी गाडीच्या साइड-बॉक्समधून पुठ्ठा काढला. बायकोने तो माझ्या हातातून घेतला, आईच्या दारातल्या कुंडीखाली सरकवला, आणि डबा घेऊन आत गेली.