कांदाचाळीमागचा सरपंच

रोमच्या क्लॉडियसला शिपायांनी पडद्यामागून ओढून काढलं आणि सम्राट केलं, असं इतिहासात आहे. वडगाव रासाईच्या पुढच्या त्या भीमेकाठच्या गावात पडदे कुठले? जालिंदर कांदाचाळीमागं सापडला.

बाकी दोघांचं पोरपण सख्ख्या भावांसारखं. क्लॉडियस लंगडा, बोलताना अडखळणारा. आईच त्याला निसर्गाचं अर्धवट काम म्हणायची. जालिंदरचा डावा पाय पोलिओनं गेला, जीभ पहिल्या अक्षराला अडायची, आणि त्याची आई मुक्ताबाई आल्यागेल्याला सांगायची, "देवानं करायला घेतला, आन् मधीच चहाला उठून गेला." क्लॉडियसनं एका कोपऱ्यात बसून इतिहास लिहिले. जालिंदर ग्रामपंचायतीच्या बाकावर बसून जुनी इतिवृत्तं आणि नियमांचं पुस्तक वाचायचा. पुढारी त्याच्यासमोर खुशाल गुपितं बोलत; कपाटासमोर कोण आवाज उतरवतं? त्याचं दुखणं एकच. पस्तीस वर्षांत त्याचं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नव्हतं. "कळलं, कळलं" म्हणत शेवट समोरचाच करायचा, तोही चुकीचा.

१९९७ च्या निवडणुकीत त्याच्या वॉर्डातले दोन तगडे उमेदवार एकमेकांच्या अर्जावर हरकत घेऊन दोघंही बाद झाले. चुलते मारुतरावांनी डमी म्हणून भरलेला जालिंदरचा अर्ज तेवढा उरला. झाला सदस्य! नवातले चार मारुतरावांचे, चार विरोधी गटाच्या भिमाजीअण्णांचे, नववा जालिंदर, आणि सरपंच या नवांनीच आपल्यातून निवडायचा. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही गटांनी आपापले सदस्य जीपमध्ये कोंबून सहलीला नेले, समोरच्यानं फोडू नयेत म्हणून. जालिंदरला कुणीच नेलं नाही. मारुतरावांना वाटलं, भिमाजीनं पळवला. भिमाजीला वाटलं, पुतण्या चुलत्याच्याच जीपमध्ये असणार.

निवडीच्या सकाळी दोन्ही जीपा परतल्या, डोकी मोजली गेली आणि एकच पळापळ झाली. माणसं आपल्याकडंच धावत येताना बघून जालिंदरला वाटलं, आता मार बसतोय. तो चाळीमागं दडला. कुबडी बाहेर राहिली.

"हिकडं हाय बेणं!" मारुतरावांनी त्याला ओढला. "भितो कशाला? माज्या नावाला हात वर कर. उपसरपंच करतो तुला."

"आ-आबा, मला..."

"कळलं, कळलं. हारतुरे बी घालू."

तेवढ्यात भिमाजीअण्णा धापा टाकत आले. "उप कशाला, जालिंदर? सरपंचच हो की! आमची चार मतं तुलाच."

न बोलणारा सरपंच म्हणजे कारभार आपलाच, एवढं मारुतरावांनाही कळत होतं. "आमीबी सरपंचच करनार व्हतो! घरचं लेकरू हाय!"

दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी उचलला. एक चप्पल चाळीतच राहिली. दुपारी जालिंदर बिनविरोध सरपंच, आणि कानापर्यंत गुलाल.

पहिल्या सभेत मारुतरावांनी लिहून आणलेला ठराव पुढं सरकवला. नव्या पाणीलाइनीचा व्हॉल्व्ह त्यांच्या मळ्यात बसणार होता. म्हणजे गावानं पाणी प्यायचं ते त्यांना विचारून.

"सही कर. बाकीचं मी बोलतो."

जालिंदर कुबडी टेकत उभा राहिला. "वि-विषय क्रमांक ए-एक..."

"कळलं रं, बस खाली."

"तु-तुम्ही बसा, आबा. सरपंच बो-बोलताना मधी बो-बोलायचं न्हाई. नि-नियम हाय."

भिमाजीअण्णा मांडी थोपटून हसले. ठराव दोन पानी. वाचायला पाऊण तास लागला. मारुतराव तीनदा उठले, तीनदा बसले. शेवटच्या ओळीवर जालिंदरनं पेन फिरवलं.

"व्हॉल्व्ह म-मळ्यात न्हाई, चा-चावडीपुढं बसंल. मं-मंजूर असंल त्यांनी हात व-वर करा."

मारुतरावांची जिरतेय म्हटल्यावर भिमाजीअण्णांचे चारही हात ताडकन वर गेले. पाचवा जालिंदरनं स्वतःचा केला, आणि कुणी काही म्हणायच्या आत पान उलटलं. भिमाजीअण्णा अजून हसतच होते. विषय क्रमांक दोन त्यांच्या गोठ्यानं खाल्लेल्या रस्त्याचा होता.