लाकडी घरावर कोबा

चौथी नापास असलो तरी चाळीस वर्षं कोबे घातलेत मी. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी लेकीच्या घरी जमीन गरम करायच्या नळ्या बसवायचं ठरलं, तेव्हा मला कुणी विचारायची वाट मी पाहिली नाही.

घर लाकडी खांबांवर उभं. खाली माणूस सरपटत जाईल एवढीच पोकळी. बिल्डर म्हणाला, खाचा पाडलेलं प्लायवूड टाकू, खाचांत नळ्या, वर पातळ पत्रा. घराला वजन झेपलं पाहिजे. मी थापीच्या दांड्यानं जमीन ठोकून दाखवली. पोकळ आवाज. आमच्याकडे असा आवाज आला की गवंड्याला फरशी उखडायला लावतात. सिमेंटच हवं, म्हणून मी हटून बसलो. जावई सज्जन, त्यांनी मान्य केलं. बिल्डर म्हणाला, खालचे खांब तपासेपर्यंत आत वजन ठेवू नका. मी त्याच दिवशी सिमेंटची वीस पोती नातीच्या खोलीत रचून घेतली.

दुसऱ्या दिवशी बिल्डरला खोटं पाडायला मी बॅटरी घेऊन खाली घुसलो. कोपरांवर सरकत पोत्यांच्या बरोबर खाली आलो. मधल्या खांबाला बोट लावलं तर ते ओल्या भुशात गेल्यासारखं आत गेलं. वरची तुळई वाकली होती.

तेवढ्यात वर पावलं वाजली. नात शाळेतून आली होती, उड्या मारत. तुळई करकरली, माझ्या डोळ्यांत माती पडली. ओरडावं तर पोर घाबरून कुठेही धावेल.

"आजोबा, व्हेअर आर यू?" तिला मराठी कळतं, बोलत नाही.

"अंगणात ये बाळा. हळू चालत ये."

"व्हाय?"

"ये म्हणतो ना."

पावलं दूर गेली. कसाबसा बाहेर आलो तेव्हा ती अंगणात उभी होती.

जावई येईपर्यंत मी तिला दारात पाऊल टाकू दिलं नाही. ते आल्यावर म्हणालो, "खांब कुजलाय. पोती काढा, आणि प्लायवूडच घाला."

त्यांनी माझ्या कोपरांवरची माती पाहिली. लगेच बिल्डरला फोन लावला.

खांब बदलले, प्लायवूड बसलं. आता त्या गरम जमिनीवर नात पालथी पडून वाचते. मधेच उठून उडी मारते, आणि मी चहाचा कप खाली ठेवून कान देतो.