मध्यंतरातली दहा मिनिटं

रेवसपासून काशीदपर्यंत कुठेही काहीही बंद पडलं, की माणसं आधी खाऱ्या वाऱ्याला शिव्या घालतात. मिक्सर फिरत नाही, वारा. मोटरसायकल उठत नाही, वारा. बिचाऱ्या वाऱ्याच्या नावावर किती जणांचा निष्काळजीपणा खपून गेला असेल, देव जाणे. कल्पिता ठाकूरचाही खपला, आणि तोच तिला खात बसला.

चांगदेव म्हात्रे हे या पट्ट्यातल्या हौशी नाटकांचे लाइटवाले. बाप पेणकडच्या मिठागरात राबलेला, त्यामुळे मीठ काय काय खातं हे चांगदेवकाकांना लहानपणापासून ठाऊक. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात जुना टूथब्रश, स्पिरिटची बाटली आणि धोतराच्या चिंध्या. प्रयोगाआधी प्रत्येक वायरीची पिन घासल्याशिवाय ते ती खुपसत नसत. "माझ्या पिनेला मीठ लागनार नाय," एवढी एकच बढाई त्यांनी आयुष्यात मारली.

गेल्या वर्षी नाट्यमंडळाने नवा, संगणकासारखा लाइट बोर्ड घेतला. चौलला टायपिंगचा क्लास चालवणारी कल्पिता नाटकातले सगळे प्रकाशबदल घरी लॅपटॉपवर क्रमाने भरायची, आणि प्रयोगात काका एकेक बटण दाबत जायचे. पण बोर्डाच्या इवल्याशा पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती. मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची भीती होती. हे त्यांनी एकट्या कल्पिताला सांगितलं होतं. म्हणून तिने बोर्डाला बाहेरून एक मोठा मॉनिटर जोडून दिला. आता कुठला प्रकाश चालू आहे आणि पुढचा कुठला, हे त्यावर बोटभर अक्षरांत दिसे. काका त्यावर बेहद्द खूश होते.

रेवदंड्याच्या शाळेतल्या प्रयोगाला तो मॉनिटर उजळलाच नाही. सहाला पडदा, आणि साडेपाचला मॉनिटर काळाठिक्कर. वायर काढली, घातली. तशी दुसरी वायर जवळ नव्हती. मॉनिटर लॅपटॉपच्या वेगळ्या वायरीने लॅपटॉपला जोडला तर झकास चालला, बोर्डाला जोडला की मुका. मंडळाच्या अध्यक्ष हेमालीताई सगळ्यांदेखत म्हणाल्या की पिन खारावली असणार, काकांनी पुसली नसेल. काका गुडघ्यांवर बसून पिन घासत राहिले. शेवटी पडदा वर गेला, आणि पहिला अंक त्यांनी आठवणीवर निभावून नेला.

मध्यंतरात कल्पिताने बोर्डाची सेटिंग उघडली. बाहेरचा मॉनिटर तिथे चक्क बंद ठेवलेला होता. तो तिनेच ठेवला होता. घरी लॅपटॉपचा एकच पडदा, म्हणून प्रकाशबदल भरताना तिने दुसरा बंद केला, आणि आज तिची फाइल बोर्डात चढवली तेव्हा ती सेटिंगही सोबत चढली. ती बदलून बोर्ड बंद-चालू केला की झालं, पाच मिनिटांचं काम. मध्यंतर दहा मिनिटांचं होतं. पण शेजारी हेमालीताई उभ्या होत्या, मंडळातली चार माणसं उभी होती, आणि कल्पिताशिवाय मंडळाचं पान हलत नाही हे ऐकायची तिला सवय लागली होती. प्रयोग संपल्यावर सांगू, अशी स्वतःची समजूत घालून तिने काही न बदलता सेटिंग बंद केली.

"काय कललं काय गो?" काकांनी विचारलं.

"पिनच असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या अंकात नाटकातल्या आईचं शेवटचं बोलणं संपल्यावर काळोख व्हायचा होता. काकांचा हिशेब चुकला, एक बटण आधीच दाबलं गेलं. आईचं काम करणारी जागृती अर्ध्या वाक्यात असताना रंगमंच अंधारला. लोक हसले. जागृती अंधारातच बोलत राहिली, पण तिचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही.

त्यानंतर काकांनी काम सोडलं. त्यांना कोणी काढलं नाही. माझ्या हातून पिन राहिली, असं तेच सगळ्यांना सांगत सुटले. पुढच्या प्रयोगाला मंडळाने नवी वायर आणली, त्याआधी कल्पिताने गुपचूप सेटिंग बदलली आणि मॉनिटर निमूट उजळला. नव्या वायरीचा गुण, असं सगळे म्हणाले. आता बटणं कल्पिता दाबायची, आणि ती बोटभर अक्षरं समोर दिसली की तिला स्वतःची शरम वाटायची. ती दुष्ट नव्हती, भित्री होती. पण काकांना त्याचा काय उपयोग?

चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी ती रेवसला त्यांच्या घरी गेली. काका ओट्यावर बसले होते. समोर तोच डबा, आणि हातात त्या दिवशीची वायर. पिन इतकी घासली होती की वरचा सोनेरी मुलामा उडून आतला पांढरा धातू दिसत होता.

"बघ गो," त्यांनी पिन पुढे केली, "आता चालंल ना?"

मग मात्र कल्पिताने सगळं सांगितलं. तिचं संपल्यावर काकांनी विचारलं, "तुला कवा कललं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती.

"मध्यंतरात."

"म्हंजे दुसरा अंक बाकी व्हता."

"हो, काका."

आतून सोनाबाईकाकू चहा ठेवून गेल्या. त्याला दोघांनीही हात लावला नाही. काका बराच वेळ पिनेवरून अंगठा फिरवत राहिले.

"जागृतीला सांग," ते शेवटी म्हणाले. "ती पोर अंधारात बोलत व्हती. आन् माझ्यासमोर सांग. माझी पिन साफ व्हती, ते मना ऐकायचं हाय."

कल्पिताने तिथेच ओट्यावर बसून जागृतीला फोन लावला, आणि काकांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती बोलू लागली.