इंजिन वहिनीने मोडलं नव्हतं

सुलभावहिनी गेली, असं पुतण्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी डिचोलीच्या घरी चहा घेत होतो. कप तसाच राहिला... पण डोळे भरले ते बाराव्याला, पार्शात, वहिनीच्या गावी, आणि ते रागाने. पंगतीत कुणीतरी म्हणालं, "बाई धीराची, पण लाटंबार्शाच्या लग्नाक जाताना इंजिन मोडून ठेवलेलां हां!" पंगत हसली. मी तेव्हाही गप्प बसलो. आता बसणार नाही.

भाऊ वारल्यावर त्याची गाडी वहिनी चालवू लागली. वाड्यावरचं बाळंतपण असो की म्हापशाचा बाजार, लोक तिलाच हाक मारत. दुरुस्तीचा निर्णय मात्र माझा, कारण मी खाणीवर ट्रकांची देखभाल पाहिलेली. गॅरेजवाल्याने तिला बजावलं होतं, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला रबरी पट्टा, पाच वर्षांनी बदलायचा, गाडी पळो न पळो. रबर उभ्या जागीही म्हातारं होतं. मी उडवून लावलं. "वहिनी, किलोमीटर खंय झाले? खाणीवरच्या ट्रकांक बेल्ट कधी आयकलंस?" त्या ट्रकांत बेल्टच्या जागी लोखंडी दातेरी चाकं असतात, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं. दसऱ्याला मी गाडीला झेंडू बांधत होतो, तेव्हा ती दारातून म्हणाली, "भावजी, हार दर वर्सा नवो. पट्टो मात्र अजून ह्यांच्या वेळचो!" सगळे हसले, मीही हसलो. बेल्ट बदलला नाही.

त्या लग्नाच्या दिवशी लाटंबार्शाच्या वाटेवर, भर चढावर तो तुटला. गाडीत नवऱ्या मुलाची आई होती, आमची शेजारीण. ती मांडवात पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. "बायलेच्या हातात गाडी दिल्यार आणि काय होतलां?" असं कुणी म्हणालं, आणि मी, सख्खा दीर, म्हणालो, "रेटली असतली चढावर." पुढे गॅरेजात इंजिन उघडलं. जुन्या बेल्टचे दाते झडून तो तुटलेला, त्यामुळे आतले व्हॉल्व्ह वाकलेले. चालवणाऱ्याचा काडीचा दोष नव्हता. हे मला कळलं, वहिनीलाही कळलं. ती एवढंच म्हणाली, "घरातली गोष्ट घरात." शेजारीण पुन्हा कधी तिच्या गाडीत बसली नाही... ते तिने सोसलं, माझ्यासाठी.

पुतण्या म्हणतो, गाडी भंगारात घाला. मी ती गॅरेजात नेली. "काका, फारशी पळलेली नाही, चालेल अजून," मेकॅनिक म्हणाला. "मागचा बेल्ट घालून पाच वर्षं झाली. बदल," मी म्हटलं. तिथून थेट शेजारणीच्या दारात उभी केली. "बसा, देवळात सोडतो."

"इंजिन बरां मां?"

"तेव्हा ते वहिनीन मोडूक नव्हतां. माझ्या हट्टान मोडलां. गावाक सांगा."

तिने घराच्या दाराला कडी घातली. मग बसली.

वहिनी बुटकी होती. सीट तिने पुढे ओढलेली, ती तशीच आहे. माझे गुडघे डॅशबोर्डला लागतात. लागू देत. मी ती मागे सरकवणार नाही.