बिलकिसभाभींचा काटा

बिबवेवाडीत बावीस वर्षं किराणा दुकान चालवणाऱ्या बिलकिस तांबोळींना एक खोड होती. बंद पाकीटसुद्धा त्या काट्यावर ठेवूनच गिऱ्हाइकाच्या हातात देत. बाई तोलल्याशिवाय श्वासही घेत नाहीत, असं गल्लीत म्हणत. त्यामुळेच एका बड्या कंपनीची अर्धा किलोची हळद चारशे साठ ग्रॅमच भरते, हे उघडकीस आलं.

"अहो, तक्रार करू या!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कशाला? लोक घेणं बंद करतील, कंपनी आपोआप सुतासारखी सरळ होईल," हमीद म्हणाले.

लोकांनी घेणं बंद केलंही. महिन्याभरात तीच हळद नव्या नावाने, नव्या पाकिटात हजर! भरली चारशे साठच. भाभींचं डोकं फिरलं. त्यांनी तडक वजनमापे कार्यालय गाठलं.

दोनच दिवसांत निरीक्षक दीक्षा ओव्हाळ दुकानात आल्या. भाभींनी घाईघाईने त्यांना चहा पाजला आणि पाकीट काट्यावर ठेवलं. "बघा मॅडम, बघा!"

मॅडमनी आधी काटाच पाहिला. काटा दरवर्षी तपासून त्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याची मुदत आठवड्यापूर्वीच संपली होती. कंपनीच्या मागे लागण्याच्या नादात भाभी ते साफ विसरल्या होत्या.

"कंपनीचं गोदाम आजच तपासते," मॅडम म्हणाल्या, "पण आधी दंड तुम्हाला."

हमीदनी कपाळावर हात मारला. भाभींचे डोळे मात्र लकाकले.

"लावा, लावा! माझा चहा पिऊनही तुम्ही मला सोडलं नाहीत. मग त्यांना कुठल्या सोडताय!"