कळपाची वाट

त्या दिवशी अंधारून येत असताना वडूजच्या आमच्या अंगणात क्षणभर दुपारसारखा उजेड पडला. आभाळातून हिरवट जाळ सरकत गेला आणि जरा वेळानं त्याच्या गडगडाटानं घराचे पत्रे थडथडले. शेजारीण म्हणाली, तारा तुटला, काहीतरी मागून घे. मला असल्या बोलण्याची चीड येते. मी आधी घड्याळ बघून वेळ टिपून घेतली.

उल्का कुठून येतात ते शोधणं, त्यांच्या कक्षा काढणं हेच माझं काम. एक कॅमेरा आमच्या पत्र्यावर आहे, फलटणला आणि आष्ट्याला मित्रांचे आहेत. तिन्ही चित्रं जुळवून मी त्या दगडाची वाट मागे मागे नेली. ती मंगळापलीकडे, लघुग्रहांच्या पट्ट्यात पोचली. तिथे एखादा मोठा लघुग्रह फुटला असावा आणि त्याचे तुकडे अजून त्याच वाटेनं फिरत असावेत.

हे मी आबांना, माझ्या वडिलांना सांगितलं. उभा जन्म त्यांनी मेंढरांमागं गावोगावच्या उघड्या माळावर काढलेला.

"मंजी ह्यो एकटा न्हवं," ते म्हणाले. "मागं कळप हाय."

"असेल. पण पृथ्वी त्या वाटेला वर्षातून एकदाच आडवी जाते, आबा."

"आमी बी एका गावात दर साली एकदाच यायचो, पोरी. वाट मातूर तीच."

मग ते उठले आणि अंगणातली आपली झोपायची बाज घरात ओढू लागले. पत्र्यानं काय अडणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बाजेचं दुसरं टोक धरलं.